विश्लेषण : धनादेशापासून संविधानापर्यंत… ‘ओन्ली’ या छोट्या शब्दावर इतके काही का अवलंबून असते?

‘आय ॲम इन ऑफिस ओन्ली’, ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’, ‘ओन्ली ॲडमिन्स कॅन सेंड मेसेजेस’… दिवसभरात ‘ओन्ली’ हा शब्द किती वेळा बोलला, लिहिला किंवा वाचला जातो याची मोजदाद कुणीच ठेवत नाही. इंग्रजी शिकताना ‘ओन्ली म्हणजे फक्त’ एवढे पाठ करून विद्यार्थी पुढे जातात. प्रत्यक्षात मात्र हा शब्द वाक्यात एक घर पुढे-मागे सरकला तरी अर्थ बदलतो. धनादेशावर तो रकमेचा दरवाजा बंद करतो, नोकरीच्या जाहिरातीत तो हमी आणि अट यांतील फरक ठरवतो, तर सर्वोच्च न्यायालयात याच शब्दाच्या आधारे स्त्री-पुरुष भेदभावाचा निकाल लागला आहे. ‘ओन्ली’ नेमके काय काम करतो, भारतीयांचे ‘ओन्ली’ वेगळे का आणि तो वापरताना कुठे सावध राहावे, याचा हा आढावा.

‘ओन्ली’ शब्द आला कुठून?

इंग्रजीतील ‘वन’ म्हणजे एक. जुन्या इंग्रजीत या ‘एक’ला ‘सारखा’ किंवा ‘तसा’ या अर्थाचा प्रत्यय लागून जो शब्द तयार झाला, त्याचेच आजचे रूप म्हणजे ‘ओन्ली’. म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘एकटा’, ‘एकमेव’. ‘ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलते एक मूल, यात हा जुना अर्थ जसाच्या तसा टिकून आहे. तिथे तो विशेषण असतो. क्रियाविशेषण म्हणून वापरल्यावर मात्र त्याचे काम बरेच वाढते.

मराठीत हे काम एकट्या शब्दाकडे नाही. ‘फक्त’, ‘केवळ’, ‘मात्र’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ असे चौघे मिळून ते करतात. शालेय व्याकरणात हे सगळे कैवल्यवाचक शब्दयोगी अव्यये म्हणून एकाच रांगेत दिलेले असतात. यातला ‘फक्त’ मूळचा अरबी, ‘फकत’. तो फारसीमार्गे मराठीत आला. ‘केवळ’ आणि ‘मात्र’ संस्कृतातले, तर ‘च’चे नाते महाराष्ट्री प्राकृतातील ‘च्चिअ’ किंवा ‘च्चेअ’ या निश्चय दाखवणाऱ्या शब्दाशी लावले जाते.

हा शब्द वाक्यात नेमके काय करतो?

‘ओन्ली नेहा केम’ म्हणजे ‘फक्त नेहा आली’. या तीन शब्दांत दोन विधाने आहेत. पहिले, नेहा आली. दुसरे, तिच्याशिवाय कुणी आले नाही. भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यानुसार ही दोन विधाने एकाच दर्जाची नाहीत. कुणी ‘हे खोटे आहे’ म्हणाले, तर ऐकणारा असे समजतो की आणखी कुणीतरी आले होते. नेहा आलीच नाही, असा अर्थ तो काढत नाही. म्हणजे पहिले विधान गृहीत धरलेले असते आणि वाद फक्त दुसऱ्याचा असतो. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ मध्ये ‘ओन्ली’ आणि ‘ईव्हन’ या शब्दांवर लिहिलेल्या निबंधात ही मांडणी केली आणि तेव्हापासून अर्थविज्ञानात ‘ओन्ली’ हा अभ्यासाचा लाडका शब्द बनला आहे.

थोडक्यात, ‘ओन्ली’ स्वतः नवी माहिती फारशी देत नाही. तो इतर शक्यता बंद करतो. त्यामुळे तो वाचताना ‘इथे कोणत्या शक्यता बंद झाल्या’ हे कळणे महत्त्वाचे.

याशिवाय त्याचा दुसरा एक उपयोग आहे, तो म्हणजे कमीपणा दाखवण्याचा. ‘ओन्ली ४९९ रुपीज’ या जाहिरातीत ४९९ पेक्षा जास्त रक्कम लागणार नाही एवढेच सांगायचे नसते, तर ‘ही किंमत अगदीच थोडी आहे’ असे सुचवायचे असते. मराठीतील ‘फक्त ४९९ रुपयांत’ अगदी तसेच. पण हेच ‘फक्त’ धनादेशावर ‘एक कोटी रुपये फक्त’ असे लिहिले तर कुणाला हसू येत नाही. कारण तिथे रक्कम थोडी आहे असे म्हणायचे नसून, रक्कम इथे संपली असे म्हणायचे असते.

जागा बदलली की अर्थ कसा बदलतो?

‘नेहा पेड रमेश फाइव्ह हंड्रेड रुपीज ऑन मंडे’ हे साधे वाक्य घेऊ. नेहाने रमेशला सोमवारी पाचशे रुपये दिले. आता त्यात ‘ओन्ली’ वेगवेगळ्या जागी बसवून पाहा.

– ‘ओन्ली नेहा पेड रमेश…’ : पैसे देणारी एकटी नेहा. बाकीच्यांनी दिले नाहीत.

– ‘नेहा पेड ओन्ली रमेश…’ : पैसे मिळाले ते एकट्या रमेशला. इतर जण अजून वाट पाहत आहेत.

– ‘नेहा पेड रमेश ओन्ली फाइव्ह हंड्रेड रुपीज…’ : पाचशेच दिले. कदाचित येणे जास्त होते.

– ‘…ओन्ली ऑन मंडे’ : सोमवारीच दिले. त्याआधी किंवा इतर कोणत्या दिवशी नाही.

– ‘नेहा ओन्ली पेड रमेश…’ : इथे खरी गंमत आहे. काटेकोर अर्थ घेतला तर ‘नेहाने पैसे देण्यापलीकडे काही केले नाही’. पण बोलताना हेच वाक्य वरच्या शेवटच्या तीनपैकी कोणत्याही अर्थाने सर्रास वापरले जाते.

पाचही वाक्यांतले बाकीचे शब्द तेच आहेत. उद्या पैशांवरून वाद झाला, तर नेहाची बाजू, रमेशची बाजू आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांची बाजू ‘ओन्ली’ कुठे आहे यावर ठरेल.

मराठीत ही अडचण का येत नाही?

कारण मराठीचा ‘च’ थेट त्या शब्दाला चिकटतो. ‘नेहानेच दिले’, ‘रमेशलाच दिले’, ‘पाचशेच दिले’, ‘सोमवारीच दिले’. शब्दांचा क्रम कसाही फिरवला तरी ‘च’ ज्याला चिकटला आहे त्याच्यासोबत फिरतो, त्यामुळे कोणती शक्यता बंद झाली याबद्दल शंका राहत नाही. इंग्रजीचा ‘ओन्ली’ सुटा शब्द असल्याने तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो आणि तिथून लांबच्या शब्दावर काम करतो.

बोलताना इंग्रजी माणूस हा प्रश्न आवाजाने सोडवतो. ‘नेहा ओन्ली पेड रमेश ऑन मंडे’ म्हणताना ‘रमेश’वर जोर दिला तर अर्थ ‘रमेशलाच’ आणि ‘मंडे’वर दिला तर ‘सोमवारीच’. ‘ओन्ली’ आणि वाक्यातील आघात यांच्या या नात्यावर मॅट्स रूथ यांनी १९८५ मध्ये आपला प्रबंध लिहिला आणि तो या विषयातला पायाभूत मानला जातो. लिहिताना मात्र आवाज नसतो. ईमेल, करार किंवा व्हॉट्सॲप संदेशात जोर कुठे द्यायचा हे वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. घोटाळा होतो तो इथेच.

‘ओन्ली’च्या जागेवरून इंग्रजीतही वाद आहेत का?

आहेत आणि ते अडीचशेहून अधिक वर्षे जुने आहेत. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात ‘ओन्ली’ चुकीच्या जागी ठेवण्याच्या सवयीवर बोट ठेवले होते. ज्या शब्दाबद्दल बोलायचे आहे, त्याच्या लगत तो हवा, असा हा नियम. पुढे अनेक पिढ्यांतील शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांकडून घोटून घेतला.

१९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी इंग्रजी वापरावरील आपल्या प्रसिद्ध कोशात मात्र वेगळी भूमिका घेतली. गैरसमजाची शक्यता नसेल, तर केवळ नियमासाठी ‘ओन्ली’ला त्याच्या सहज जागेवरून ओढून काढण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत होते. आजही व्यवहारातला तोडगा साधारण हाच आहे. बोलण्यात सैल सोडले तरी चालते, पण जिथे पैसे, हक्क किंवा जबाबदारी यांचा संबंध येतो तिथे ‘ओन्ली’ संबंधित शब्दाला चिकटूनच ठेवावा.

‘आय ॲम इन ऑफिस ओन्ली’ म्हणणे चूक आहे का?

भारतीय इंग्रजीची टिंगल करायची असली की हे वाक्य हमखास पुढे येते. पण हे ‘ओन्ली’ कुठून आले हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ‘मी ऑफिसमध्येच आहे’ यातला ‘च’ शब्दाच्या शेवटी येतो, म्हणून ‘ओन्ली’ही शेवटी जातो. हिंदीत ‘ही’, तमिळमध्ये ‘तान्’, कन्नड आणि तेलुगूत शब्दाला जोडला जाणारा ‘ए’ हे सगळे साधारण हेच काम करतात आणि शब्दाच्या मागेच येतात. उत्तर आणि दक्षिण अशा दोन वेगळ्या भाषाकुळांत ही सोय असल्याने तिचा ठसा देशभरातील इंग्रजीवर उमटला. त्यामुळे मुंबई, बंगळूरु आणि चेन्नईतील ‘ओन्ली’ एकसारखा ऐकू येतो.

महत्त्वाचे म्हणजे या ‘ओन्ली’चे काम वेगळे आहे. ‘आय ॲम इन ऑफिस ओन्ली’ म्हणणाऱ्याला ‘मी एकाच वेळी दुसऱ्या कोणत्या ठिकाणी नाही’ असे सांगायचे नसते. ‘तुम्ही विचारताय त्या ऑफिसमध्येच, शंका नको’ असा ठामपणा त्याला दाखवायचा असतो. म्हणजे हा ‘फक्त’चा नव्हे, तर ‘च’चा अनुवाद आहे. भाषाशास्त्रज्ञांनीही भारतीय इंग्रजीतील ‘ओन्ली’चा अभ्यास चूक म्हणून नव्हे, तर जोर दाखवणारी नियमबद्ध पद्धत म्हणून केला आहे.

मग अडचण कुठे येते? भारतीय ‘ओन्ली’ न ऐकलेल्या माणसाशी बोलताना. मराठीत ‘काम कालच झाले’ याचा अर्थ संदर्भानुसार ‘काल कुठे झाले’ असाही होतो आणि ‘अहो, ते तर कालच उरकले’ असाही. दुसऱ्या अर्थाने, जरा अभिमानानेच, पुण्यातल्या एखाद्या आयटी कर्मचाऱ्याने परदेशी ग्राहकाला ‘द वर्क वॉज डन यस्टरडे ओन्ली’ असे कळवले, तर इंग्रजीत ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे ‘आत्ता काल-परवा’. त्यामुळे ग्राहकाला वाटते की काम कालपर्यंत रखडले होते. सांगायचे होते ‘लवकर झाले’, पोहोचले ‘उशिरा झाले’. अशा वेळी ‘ऑलरेडी’ हा शब्द हवा. जोर दाखवायचा असेल तर ‘राइट हिअर’, ‘दिस व्हेरी डे’ अशा रचना इंग्रजीत आहेत. घरात, मित्रांत, ऑफिसच्या कँटीनमध्ये मात्र ‘ओन्ली’ने कुणाचे काही बिघडत नाही.

नोकरीच्या जाहिरातीत ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांत फरक काय?

हा फरक न कळल्याने अनेकांची निराशा होते. समजा, एका सूचनेत म्हटले आहे की, ६० टक्के गुण असतील ‘तर’ मुलाखतीला बोलावले जाईल. याचा अर्थ ६० टक्के मिळवले की बोलावणे नक्की. आता तीच सूचना ‘ओन्ली इफ’ने लिहिली, म्हणजे ६० टक्के असतील ‘तरच’ बोलावले जाईल, तर चित्र पालटते. ६० पेक्षा कमी असलेले बाद, हे नक्की. पण ६० मिळालेल्यांना बोलावणे येईलच असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पहिले वाक्य हमी देते, दुसरे केवळ अट घालते.

गणितात आणि इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत दोन्ही एकदम सांगायचे असेल तर ‘इफ अँड ओन्ली इफ’ लिहितात. वारंवार लिहावे लागते म्हणून ‘इफ’ला आणखी एक ‘एफ’ जोडून त्याचे संक्षिप्त रूप केले गेले. त्याचे श्रेय सहसा गणितज्ञ पॉल हॅल्मोस यांना दिले जाते. विमा पॉलिसी, कर्जाचे करार, शिष्यवृत्तीचे नियम वाचताना हीच चाळणी लावता येते. ‘तर’ आहे की ‘तरच’, हे पाहायचे. ‘ठरावीक तास रुग्णालयात दाखल असाल तरच दावा मंजूर होईल’ या वाक्यात तेवढे तास दाखल राहिल्यावर दावा मंजूर होईलच, असे आश्वासन नाही. इतर अटी उरतातच.

मोबाइलमधील ‘ओन्ली’ काय सांगतो?

व्हॉट्सॲपच्या स्टेटससाठी तीन पर्याय असतात. सगळे कॉन्टॅक्ट, काही जण सोडून बाकी सगळे आणि ‘ओन्ली शेअर विथ’, म्हणजे निवडलेल्यांनाच. ज्यांना स्टेटस दाखवायचे नाही त्यांना वगळले काय किंवा ज्यांना दाखवायचे त्यांनाच निवडले काय, आज दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. फरक पडतो तो उद्या. एखाद्या दुकानदाराचा किंवा नव्या सहकाऱ्याचा नंबर सेव्ह केला की ‘सोडून’च्या पर्यायात तो आपोआप आत येतो, ‘ओन्ली’च्या पर्यायात तो बाहेरच राहतो. एका पर्यायात दार उघडे ठेवून काहींना अडवलेले असते, तर दुसऱ्यात दार बंद करून काहींना आत घेतलेले असते. मुलांचे किंवा घरचे फोटो टाकणाऱ्यांसाठी हा फरक लहान नाही.

‘रीड-ओन्ली’ फाइलचेही तसेच. ती वाचता येते, पण बदलून त्याच नावाने साठवता येत नाही. ‘वाचता येते’ हे गृहीत धरलेले आणि ‘बाकी काही नाही’ ही खरी सूचना. हॉर्न यांनी दाखवलेली दोन विधाने इथेही आहेत.

धनादेशावर रकमेपुढे ‘ओन्ली’ का लिहितात?

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम १८ नुसार, आकड्यांतील आणि अक्षरांतील रक्कम वेगवेगळी असेल तर अक्षरांत लिहिलेली रक्कम ग्राह्य धरली जाते. म्हणजे धनादेशावरचे खरे वजन अक्षरांना आहे. ‘फाइव्ह थाउजंड’ एवढेच लिहून पुढे जागा मोकळी सोडली, तर तिथे ‘नाइन हंड्रेड’ लिहायला फारसे कौशल्य लागत नाही. ‘ओन्ली’ने ती जागा अडवली जाते. मराठीत धनादेश लिहिताना ‘पाच हजार फक्त’ किंवा ‘पाच हजार मात्र’ लिहिण्यामागचे कारणही तेच. अरबी देशांतही अक्षरी रकमेसोबत ‘फकत’ लिहिण्याची रीत आहे, म्हणजे मराठी धनादेशावरचा ‘फक्त’ आणि तिथला शब्द मुळात एकच.

‘ओन्ली’ लिहिणे कायद्याने सक्तीचे नाही. तो नसल्यामुळे धनादेश अवैध ठरत नाही. पण मोकळ्या जागेची किंमत किती असू शकते, हे इंग्लंडमधील १९१८ च्या एका खटल्याने दाखवले. ‘लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन अँड आर्थर’ या नावाने तो ओळखला जातो. एका व्यापारी पेढीतील कारकुनाने किरकोळ खर्चासाठी दोन पौंडांचा धनादेश म्हणून भागीदाराची सही घेतली. आकड्याच्या दोन्ही बाजूंना जागा होती आणि अक्षरांची ओळ कोरी होती. सही मिळताच त्याने दोनच्या आधी एक आणि नंतर शून्य लिहिले, अक्षरांतही १२० पौंड भरले आणि पैसे काढून तो पसार झाला. पेढीने बँकेवर दावा लावला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि निकाल बँकेच्या बाजूने लागला. फेरफार सहज करता येईल असा धनादेश लिहून देणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला आणि नुकसान त्यालाच सोसावे लागले.

धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिला जाणारा ‘अकाउंट पेयी ओन्ली’ हा दुसरा ‘ओन्ली’. पहिला रक्कम बंद करतो, दुसरा माणूस. पैसे ज्याच्या नावाने धनादेश आहे त्याच्याच खात्यात जावेत, रोखीने किंवा तिसऱ्याच्या खात्यात नकोत, ही ती सूचना.

संविधानातील ‘ओन्ली’वरून कोणता वाद झाला?

संविधानाच्या अनुच्छेद १५(१) नुसार राज्याला कोणत्याही नागरिकाविरुद्ध केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान किंवा यांपैकी कोणत्याही कारणावरून भेदभाव करता येत नाही. इंग्रजी मसुद्यात यासाठी ‘ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ’ अशी रचना आहे. सरकारी नोकऱ्यांबाबतच्या अनुच्छेद १६(२) मध्येही तीच. प्रश्न असा की, भेदभाव लिंगामुळे झाला, पण सोबत आणखी एखादे कारण जोडलेले असेल, तर तो ‘केवळ’ लिंगामुळे झाला असे म्हणायचे का?

हा प्रश्न एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात ऐरणीवर आला. त्या वेळच्या नियमांनुसार वयाची ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणानंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा त्यांची नोकरी संपत असे. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने ती ४५ वर्षांपर्यंत वाढू शके. विमानात काम करणाऱ्या पुरुष सहायक फ्लाइट पर्सरना मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी होती. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा’ या प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली. संचालकांच्या अनिर्बंध मर्जीवरही घाव घातला. पण चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट कायम राहिली. अनुच्छेद १५ आणि १६ यांत बंदी आहे ती केवळ लिंगाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाला. लिंगासोबत इतर बाबी, म्हणजे वेगळी भरती, वेगळा संवर्ग, वेगळ्या सेवाशर्ती जोडलेल्या असतील तर ही बंदी लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका ‘केवळ’वर तो मुद्दा निकाली निघाला.

या अर्थावर पुढे बरीच टीका झाली. प्रत्यक्षात भेदभाव क्वचितच एकाच कारणाने होतो. ‘बाई आहे म्हणून नाही, लग्न झालेली बाई आहे म्हणून’ असे म्हणता आले, तर ‘केवळ’च्या आड कोणताही भेदभाव लपवता येईल, असा हा आक्षेप. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढणाऱ्या नवतेज सिंग जोहर निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात या जुन्या अर्थाची चिकित्सा केली. ‘ओन्ली’चा असा तांत्रिक अर्थ लावला तर भेदभावाविरुद्धची हमी पोकळ ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. लिंगावर आधारलेले साचेबद्ध समज भेदभावामागे असतील, तर सोबत दुसरे कारण दाखवून सुटता येणार नाही, हा त्याचा आशय.

काही अभ्यासक इथे शब्दाच्या जागेकडेही लक्ष वेधतात. ‘ओन्ली ऑन ग्राउंड्स ऑफ’ आणि ‘ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ’ एकच नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. नेहा आणि रमेशच्या वाक्यात पाहिलेला प्रश्न तो हाच. शब्द नक्की कुणाला चिकटला आहे?

स्पर्धा परीक्षांत ‘ओन्ली’वर काय विचारतात?

हमखास येणारा प्रश्न वाक्यरचनेचा. ‘ओन्ली’पासून सुरू होणारा काळ किंवा अटीचा भाग वाक्याच्या आरंभी आला, तर पुढे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ बरोबर, ‘ओन्ली देन आय अंडरस्टूड’ चूक. पण ‘ओन्ली’ थेट कर्त्याला लागला असेल, जसे ‘ओन्ली नेहा केम’, तर ही उलटापालट होत नाही. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’मध्ये दोन्ही भागांनंतर एकाच प्रकारचे शब्द हवेत, नामानंतर नाम किंवा क्रियापदानंतर क्रियापद. ‘इफ ओन्ली’ म्हणजे अट नव्हे, तर हळहळ : ‘असे झाले असते तर!’ शब्दांचा क्रम उलटल्याने ‘ओन्ली इफ’शी त्याची गल्लत होते. याशिवाय ‘ओन्ली’ कधी कधी ‘पण’ या अर्थानेही येतो. मराठीतील ‘मात्र’ही असाच ‘फक्त’ आणि ‘परंतु’ अशा दोन्ही कामांना येतो, त्यामुळे हा अर्थ मराठी विद्यार्थ्याला जड जाऊ नये.

लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

सगळ्यात सोपी कसोटी मराठीतच आहे. इंग्रजी वाक्य पाठवण्याआधी ते मनात मराठीत म्हणून पाहावे आणि ‘च’ कुठे लागतो ते शोधावे. ज्या शब्दाला ‘च’ लागतो, त्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवावा. तिथे ‘च’ऐवजी ‘फक्त’ ठेवून वाक्य जमत नसेल, तर ‘ओन्ली’ची गरजच नाही, केवळ जोर द्यायचा आहे असे समजावे. अर्ज, करार आणि नियम वाचताना ‘तर’ आणि ‘तरच’ यांखाली मनातल्या मनात रेघ ओढावी. आणि धनादेश लिहिताना रक्कम अगदी डावीकडून सुरू करून, शेवटी ‘फक्त’ किंवा ‘ओन्ली’ लिहून उरलेल्या जागेवर एक आडवी रेघ मारावी. सही त्यानंतर.